पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्याला सोबत नेताना

पाऊस ओसरला, कासच्या पठारावरची फुले मावळू लागली आणि दसरा होऊन गेला, की आमच्या साताऱ्यात डोंगरावर जाण्याचे बेत सुरू होतात. मुले बूट उन्हात ठेवतात, पाठीवरच्या पिशव्या झटकतात, आणि हे सारे पाहत बसलेले घरातले एखादे वडीलधारे माणूस हळूच म्हणते, "मलाही एकदा यायचं आहे."

या वाक्याला आपल्या घरांत दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक, "या वयात आता कशाला?" आणि दुसरे, "चला की, त्यात काय एवढं!" वाचकहो, दोन्ही उत्तरे प्रेमानेच दिलेली असतात, परंतु दोहोंतही विचार नसतो. पहिले उत्तर माणसाला खुर्चीत बसवते आणि आधीच दुबळे होत चाललेले पाय अधिक दुबळे करते. दुसरे उत्तर त्याला तयारीविना उंचावर नेऊन सोडते. या दोहोंच्या मधून जाणारी एक वाट आहे. गेल्या वर्षी त्या वाटेने मी माझ्या थोरल्या नणंदेला घेऊन गेले. तो अनुभव सांगता सांगता, एक डॉक्टर म्हणून मला जे महत्त्वाचे वाटते तेही आपल्यापुढे ठेवते.

ओझे होण्याची भीती

आमच्या वन्सं सांगलीच्या. वय ६३. यजमानांना पक्षाघात झाला त्यानंतरची नऊ वर्षे त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा केली. उठवणे, कूस बदलणे, आंघोळ घालणे, भरवणे. या नऊ वर्षांत सलग दोन तासांहून अधिक काळ त्या घराबाहेर राहिल्या नाहीत. यजमान गेल्यानंतरचे वर्ष सुन्नपणातच सरले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या आमच्याकडे राहायला आल्या असता खिडकीतून दिसणाऱ्या अजिंक्यताऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "वहिनी, मी जन्मात एकही डोंगर पायी चढले नाही गं. आमच्या सांगलीत चढ म्हणजे कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या, तेवढाच. एकदा जायचं होतं." आणि लगेच पुढे म्हणाल्या, "पण तुम्हाला माझं ओझं व्हायला नको."

वर्षानुवर्षे दुसऱ्याचा भार वाहिलेल्या माणसाला स्वतः कुणावर भार होण्याची भीती इतरांहून अधिक वाटते, असे मी माझ्या दवाखान्यातही पाहत आले आहे. ही भीती डोंगरावर किती घातक ठरू शकते, हे पुढे येईलच.

दीर्घ शुश्रूषा करणाऱ्यांच्या शरीराविषयी एक गैरसमज असतो. दिवसभर राबणारे माणूस म्हणजे ताकदीचे माणूस, असे आपण धरून चालतो. वन्संच्या दंडांत आणि पाठीत बळ होते, यात शंका नाही. परंतु सलग अर्धा तास चालण्याची सवय मोडलेली होती, मांड्यांचे स्नायू उतरले होते, आणि मधल्या काळात रक्तदाब व मधुमेह हे दोन पाहुणे घरात कायमचे राहायला आले होते. इतरांची औषधे वेळेवर देणाऱ्या वन्सं स्वतःच्या तपासण्या मात्र पुढे ढकलत राहिल्या होत्या.

कोणता डोंगर, कोणती वेळ

वन्संचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. आईच्या मनातले ऐकताच तो उत्साहाने म्हणाला, "मामी, आईला वासोट्याला नेऊ या!" वासोटा मीही पाहिला आहे. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून नावेने जायचे, वनखात्याची परवानगी घ्यायची, कोयनेच्या घनदाट अरण्यातून चढायचे; सारेच देखणे. परंतु पहिल्या वेळी मी ती जागा निश्चयाने नाकारली. तिथे काही बिनसले तर माणसाला आधी जंगलातून खाली, मग नावेने पलीकडे आणि मग मोटारीने साताऱ्यापर्यंत आणावे लागते. नवख्या माणसासाठी ठिकाण निवडताना ते किती सुंदर आहे याआधी विचारायचा प्रश्न असा, की तिथून परत किती लवकर येता येते?

आम्ही ठरवला तो जरंडेश्वर. साताऱ्याच्या पूर्वेला, कोरेगावच्या दिशेचा हा डोंगर. माथ्यावर मारुतीचे देऊळ आहे. लक्ष्मणासाठी मारुतीने नेलेल्या द्रोणागिरीचा एक तुकडा इथे पडला आणि म्हणून इथे औषधी वनस्पती आहेत, अशी लोकांची श्रद्धा. चढ पायीच करावा लागतो. परंतु शनिवारी भाविकांची ये-जा असते. माणसांचा वावर ही नवख्यासाठी मोठी सोय आहे, म्हणून दिवसही शनिवारच निवडला.

काश्मीरात गुलमर्गला किंवा उत्तराखंडात औलीला बर्फावरून घसरण्याचा खेळ चालतो. हंगामाच्या आरंभी तिथे नवख्याला फार जपून न्यावे लागते, कारण नुकत्याच पडलेल्या पातळ बर्फाखाली दगड आणि झुडपांचे बुंधे लपलेले असतात. आपल्याकडे बर्फाचे हे काम गवत करते. ऑक्टोबरात गवत गुडघ्याच्या वर गेलेले असते आणि पायाखालचा दगड, खळगा किंवा साप दिसत नाही. पावसाने वाटेवरची माती वाहून नेलेली असते, तर सावलीतल्या काळ्या कातळावर शेवाळ टिकून असते. त्यातच दहा वाजल्यानंतर या महिन्याचे ऊन चटके देऊ लागते. म्हणून आधीच्या आठवड्यात माझे यजमान एकटेच जाऊन वाट पाहून आले. कुठे निसरडे आहे, कुठे सावली आहे, कुठे फोन लागतो, हे त्यांनी नोंदवून आणले. आदल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबून नवख्याला नेऊ नये. दर पावसाळ्यात डोंगराची वाट थोडी बदलते.

चार महिन्यांची तयारी

वन्संनी बेत बोलून दाखवला तो मे महिना होता; आम्ही निघालो ऑक्टोबरात. जून ते सप्टेंबर हे चार महिने तयारीचे. आपणापैकी कुणाला असा बेत करायचा असेल तर एवढा अवधी हाताशी ठेवावा.

सुरुवात तपासणीने केली. अनेक वर्षे बैठे आयुष्य गेलेले आणि त्यातून मधुमेह किंवा रक्तदाब असलेले माणूस एकदम दमवणारे श्रम करणार असेल, तर हृदयाची तपासणी आधी व्हायला हवी. वन्संच्या सांगलीतल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, ट्रेडमिल चाचणी करवून घेतली, डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदना तपासून घेतली. मधुमेहात तळपायाची जाणीव कमी झालेली असेल तर बुटातला खडाही कळत नाही आणि संध्याकाळी जखम दिसते. रक्तदाब आटोक्यात नसेल, छातीत अलीकडे दुखू लागले असेल, थोड्याशा चालण्याने पूर्वीपेक्षा अधिक धाप लागत असेल, तर डोंगराचा विचार बाजूला ठेवून आधी उपचार घ्यावेत.

त्यानंतर एक सोपी चाचणी, जी आपण आजच घरी करू शकता. हात नसलेल्या पक्क्या खुर्चीवर बसा, खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर आडवे धरा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजा. शेजारी कुणीतरी उभे असावे. ६० ते ६४ वयाच्या स्त्रीला १२ पेक्षा आणि पुरुषाला १४ पेक्षा कमी वेळा जमले, तर पायांची ताकद सरासरीहून कमी आहे असे समजतात. वन्संचा पहिला आकडा होता ८.

पावसाळ्यात कृष्णेचा घाट पाण्याखाली जातो. म्हणून त्यांनी इमारतीचा जिना धरला. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा एकच मजला. मग दोन, मग तीन. एका जागी उभे राहून टाचा उचलणे, खुर्चीवरून उठबस, आणि पाऊस उघडला की आयर्विन पुलावरून चालणे. सप्टेंबरात मुलाने त्यांना मिरज-पंढरपूर मार्गालगतच्या दंडोबाच्या डोंगरावर दोनदा फिरवून आणले. नंतर साताऱ्यात येऊन त्या अजिंक्यताऱ्याचा गाडीरस्ता सावकाश चालून गेल्या. अजिंक्यतारा शहरापासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. एक मजला ३ मीटरचा धरला तर हे १०० मजले झाले. हा हिशेब मी त्यांना चढून झाल्यावर सांगितला. खुर्चीच्या चाचणीतला आकडा तोवर १३ झाला होता.

इथे एक शंका नेहमी विचारली जाते. उंचीवर हवा विरळ होते, त्याचे काय? विरळ हवेचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर जाणवू लागतो. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. तेव्हा सह्याद्रीत लागणारी धाप ही श्रमाची असते, उंचीची नव्हे. केदारनाथ मात्र साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. तिथे जाणाऱ्यांनी उंचीचा वेगळा विचार करायलाच हवा.

परतीचा निर्णय आदल्या रात्री

या लेखात मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते इथे आहे. डोंगरावरचा सर्वांत अवघड निर्णय माघारी फिरण्याचा असतो आणि तो नवख्या माणसावर कधीही सोपवू नये. "जमेल ना? की परत फिरू या?" असे वाटेत विचारले, तर वडीलधारे माणूस जवळजवळ नेहमीच "जमेल" असे म्हणते. थकवा असतो, पण आपल्यामुळे साऱ्यांचा बेत मोडेल हा संकोच त्याहून मोठा असतो. म्हणून हा निर्णय घरी, जेवणाच्या ताटावर, सर्वांच्या देखत घ्यावा.

आम्ही आदल्या रात्री तीन गोष्टी ठरवल्या. साडेनऊ वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचे, देऊळ दिसत असले तरीही. चौघांपैकी कुणालाही, कारण न सांगता, "परत" असे म्हणण्याचा अधिकार. त्यावर वाद नाही. आणि तिसरे, वन्संच्या प्रकृतीबाबत माझा शब्द अखेरचा. वन्सं हसून म्हणाल्या, "म्हणजे तू मला अर्ध्यातनं परत आणणार तर!" मी म्हटले, "वन्सं, तुम्ही दुसऱ्यांदा याव्यात म्हणून."

त्यांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड होते. या गटातल्या गोळ्यांनी आणि इन्सुलिनने श्रमाच्या वेळी रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते. त्यांच्या डॉक्टरांनी त्या सकाळची ही गोळी अर्धी करायला सांगितली होती. असा बदल स्वतःच्या मनाने कधीही करू नये. न्याहारी पोटभर घ्यावी, असे मी दोनदा बजावले. पिशवीत साखर तपासण्याचे यंत्र, एका डबीत साधी साखर, पाणी, पोळीभाजी, रक्तदाबाचे यंत्र, ॲस्पिरिन आणि जखमेची पट्टी. कुणीतरी कंदी पेढे पुढे केले. आमच्या साताऱ्याचा पेढा मला प्रिय आहे. परंतु साखर उतरलेल्या माणसाला तो उपयोगाचा नाही. खव्यातल्या स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोहोचते. तीच गोष्ट चॉकलेटची आणि शेंगदाण्याच्या चिक्कीची. अशा वेळी साधी साखरच हवी.

चढताना

सकाळी घरी वन्संची साखर १२८ होती. सात वाजता आम्ही पायथ्याशी होतो. पुढे माझे यजमान, हातातल्या काठीने गवत हलवत. त्यांच्या मागे वन्सं, मग मी, शेवटी भाचा. चालण्याचा वेग दुसऱ्या क्रमांकावरच्या वन्संनी ठरवायचा. सर्वांत हळू चालणारे माणूस मागे ठेवले, तर पुढचे थांबून त्याची वाट पाहतात आणि ते येऊन पोहोचले की लगेच उठून चालू लागतात. विश्रांतीची खरी गरज ज्याला, त्यालाच ती मिळत नाही.

वेग योग्य आहे की नाही, याची उत्तम मोजणी बोलण्याने होते. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. नाडी मोजण्यापेक्षा ही कसोटी अधिक विश्वासाची, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडीचा वेग वाढतच नाही. दर वीस मिनिटांनी आम्ही दम लागण्याआधीच थांबत होतो. वन्सं बोलत होत्या. खाली कृष्णेचे पात्र दिसू लागले तेव्हा थांबून म्हणाल्या, "ही आपलीच का गं? इथून किती लहानशी दिसते." वाई आणि माहुलीवरून येणारी आणि कऱ्हाडवरून त्यांच्या सांगलीला जाणारी नदी त्या पहिल्यांदाच वरून पाहत होत्या.

साडेआठनंतर बोलणे कमी झाले. मी काही विचारले की "हो", "बरं", एवढेच उत्तर. पाऊल एकदा चुकले, मग पुन्हा एकदा. मुलाने हात पुढे केला तर त्याच्यावर चिडून म्हणाल्या, "मला कळतंय चालायचं." वन्सं अशा कधी बोलत नाहीत. मी त्यांचा हात हातात घेतला. तळवा ओला आणि गार होता, बोटांना कंप होता. "काही नाही गं, ऊन लागतंय," त्या म्हणाल्या. आम्ही सावलीत होतो.

वाचकहो, ही लक्षणे कृपया ध्यानात ठेवा: बोलणे आटणे, पाऊल अडखळणे, स्वभावाविरुद्ध चिडणे, गार घाम, थरथर. मधुमेही माणसात ही साखर उतरल्याची खूण असू शकते. परंतु गार घाम हृदयविकारातही येतो. आणि स्त्रियांत व मधुमेहींत हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. म्हणून त्यांना बसवले, छातीत दडपण, जबडा, पाठ वा हात दुखणे याविषयी विचारले, नाडी आणि रक्तदाब पाहिला. ते सारे ठीक होते. यंत्रावर साखर आली ६१.

७० च्या खाली साखर म्हणजे थांबून उपचार करण्याची वेळ. नियम साधा आहे: सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे सपाट तीन-चार चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटे थांबून पुन्हा तपासायचे, अजूनही ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवून १०८ ला फोन करावा. वन्संची साखर पंधरा मिनिटांनी ८४ झाली. चेहऱ्यावर रंग आला, तळवे कोरडे झाले. मग त्यांना पोळीभाजी खायला लावली.

घड्याळात सव्वानऊ झाले होते. वन्सं उठून पदर खोचत म्हणाल्या, "चला, आता मी बरी आहे." भाचाही म्हणाला, "मामी, अर्ध्या तासाचं तर काम राहिलंय." मी म्हटले, "चढायला अर्धा तास. उतरायला मात्र अख्खा डोंगर आहे." त्या गोळीचा अंमल दिवसभर राहतो, श्रम चालू राहिले तर साखर पुन्हा घसरू शकते, आणि पहिल्या वेळी ती पुन्हा घसरेल का, हे माथ्यावर जाऊन पाहण्याची आवश्यकता नव्हती. आदल्या रात्री शब्द ठरलेला होता, म्हणून कुणाला कुणाची समजूत घालावी लागली नाही. आम्ही फिरलो.

उतरताना

चढताना हृदय आणि फुप्फुसे कामाला लागतात, उतरताना गुडघे आणि मांड्या. पाय घसरण्याचे प्रसंगही उतरताना अधिक, कारण तोवर स्नायू थकलेले असतात आणि मन घरी पोहोचलेले असते. दोन्ही हातांत काठ्या असतील तर गुडघ्यांवरचा काही भार हातांवर येतो. पावले लहान, गुडघे किंचित वाकलेले. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. दूरचे आणि जवळचे असे दोन्ही नंबर एकाच काचेत असलेला चष्मा उतारावर धोक्याचा ठरतो. खाली पाहताना नजर वाचनाच्या भागातून जाते आणि पायाखालची पायरी धूसर दिसते. वन्संसाठी केवळ दूरच्या नंबरचा जुना चष्मा आम्ही मुद्दाम आणला होता.

निम्मे उतरल्यावर एका दगडावर बसलो असता त्यांनी आपण होऊन सांगितले. सकाळचे थालीपीठ अर्धेच खाल्ले होते. उरलेले गुपचूप डब्यात ठेवले. पाण्याचे घोटही नुसते ओठ ओले करण्यापुरते. "वर कुठं जायची सोय नसणार. मग माझ्यासाठी सगळ्यांना थांबावं लागलं असतं."

हे ऐकून मला आश्चर्य वाटले नाही. प्रवासात लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी न पिणाऱ्या स्त्रिया मी रोज पाहते. वयानुसार तहानेची जाणीव मुळातच मंदावते. त्यात असे जाणूनबुजून पाणी तोडले की रक्तदाब खाली जातो, चक्कर येते, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका अधिक. यावर उपाय औषधाचा नाही. सोबतच्या स्त्रीने निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे: वाटेत आडोशाची जागा पाहून ठेवली आहे, मी तुमच्याबरोबर येईन, पुरुषमंडळी पुढे जाऊन थांबतील. एवढी चार वाक्ये ज्येष्ठ स्त्रीच्या मनावरचा मोठा ताण दूर करतात. त्या दगडापाशी मी वन्संना हेच सांगितले, आणि पुढे म्हटले, "नऊ वर्षं तुम्ही एका माणसासाठी थांबलात. ते तुम्हाला ओझं वाटलं का?" त्या काही बोलल्या नाहीत. बाटली उघडून पोटभर पाणी प्यायल्या.

घरी आल्यावर त्यांचे तळपाय नीट पाहिले. झोपण्यापूर्वी साखर पुन्हा तपासली, कारण मोठ्या श्रमानंतर ती रात्री, अगदी दुसऱ्या दिवसापर्यंतही उतरू शकते. मांड्या दुखल्या त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक. हे दुखणे स्वाभाविक असते, हलके चालत राहिले की तीन-चार दिवसांत जाते. सांधा सुजला किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी फेरी

डिसेंबरात वन्संनी स्वतःहून फोन केला. गवत वाळले होते, कातळ कोरडे झाले होते. सांगलीच्या डॉक्टरांनी दरम्यान गोळी बदलून साखर एकाएकी न उतरवणारी दिली होती. या वेळी त्यांनी न्याहारी माझ्यासमोर संपवली आणि वाटेत एकदा मोठ्याने म्हणाल्या, "थांबा जरा, मला जायचंय." त्या दिवशी आम्ही देवळापर्यंत पोहोचलो. परंतु खरे सांगते, मला अधिक समाधान त्या "थांबा जरा" या दोन शब्दांचे झाले.

नवख्या ज्येष्ठाला नेणाऱ्याने पहिल्या फेरीचे यश माथा गाठण्यावर मोजू नये. माणूस दुसऱ्यांदा येण्यास राजी झाले, तर पहिली फेरी नीट झाली असे समजावे. आपल्याकडे त्यासाठी जागांची वाण नाही. सांगलीकरांना दंडोबा आहे, सागरेश्वराचे मानवनिर्मित अभयारण्य आहे. सातारकरांना अजिंक्यतारा आणि यवतेश्वराचा घाट आहे. त्यांपैकी काही जमले की जरंडेश्वर, आणि सारे सुरळीत झाले तर कधीतरी वासोटाही.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना एक विनंती. आपल्याला बाहेर पडण्यासाठी सेवा संपण्याची वाट पाहू नका. रोज वीस मिनिटांसाठी रुग्णापाशी दुसरे कुणीतरी बसेल अशी सोय करा आणि ती वीस मिनिटे जिन्यावर किंवा रस्त्यावर काढा. आणि घरातल्या तरुणांनो, येत्या रविवारी आजी-आजोबांना भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसवून ती ३० सेकंदांची उठबस मोजा, आकडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. पावसाळ्याआधी सुरुवात केलीत, तर दसऱ्यापर्यंत पाय तयार होतात.